गजर वाजला नाही, त्याची तक्रार

चहा आधी संपवा. नंतर गार झाला म्हणून मला बोल लावाल, आणि मी जे सांगणार आहे ते ऐकताना तुमचं कपाकडे लक्ष राहायचं नाही. माझ्या हातून जो घोळ झाला त्याला आता चारेक महिने झाले, तरी डोकमर्डीच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की दोन बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात आणि म्हणतात, ह्याच त्या. आधीच कबूल करते, सगळं मी केलं. दुसऱ्या कोणाचं नाव पुढे करायला जागाच नाही. केलं असतं नाहीतर.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे, पोटासाठी इकडे गुजरातच्या कडेला आलेलो. आमचे हे, म्हणजे निकम, नरोलीला धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहेत. अकरा वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली काढली. यंदा पहिल्यांदा त्यांचे देसाईसाहेब म्हणाले, "निकमभाई, परमनंटच्या यादीत तुमचं नाव टाकतो. फक्त रेकॉर्ड साफ ठेवा." त्या दिवशी ह्यांनी येताना पेढे आणले होते. मी अजून डबीत चार जपून ठेवले होते, यादी लागली की देवापुढे ठेवू म्हणून.

माझी शाळा नववीपर्यंत झाली. पण आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे कोण आलं, किती दिवस राहणार, भांडण कशावरून झालं, हे मला विचारा. लोक ह्याला चौकशा म्हणतात. मी काळजी म्हणते. आणि भिंती अशा आहेत की शेजारी पापड मोडला तर आमच्याकडे कळतं उडदाचा की नाचणीचा. त्यात माझा काय दोष?

तर ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. एक आठवडा सकाळी सातची, मग रात्री अकराची, मग दुपारी तीनची. समोरच्या दारात सावंत सर राहतात. मालवणकडचे, इथल्या एका शाळेत शिक्षक आहेत, मुलांना कॉम्प्युटरही शिकवतात. त्यांनी आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या फोनमध्ये एक फुकटचा गजर घालून दिला होता. पाळ्या एकदा सांगून ठेवायच्या, मग सोमवार आला की तो आपला आपण वेळ बदलून घेतो. दोन वर्षं सोन्यासारखा चालला.

आणि एका सोमवारी वाजलाच नाही.

कंपनीची बस सव्वासहाला नाक्यावरून सुटते. ह्यांना जाग आली तेव्हा बस नरोलीला पोचली होती. मी ह्यांनाच बोलले, "झोपेत बंद केला असेल." गेटवर लेटचा मेमो मिळाला. तीन आठवड्यांनी पुन्हा सातची पाळी आली, पुन्हा सोमवार, आणि गजर पुन्हा मुका. आता म्हणाल, तू काय करत होतीस? मी झोपले होते. गजर लावून झोपलेलं माणूस गजराच्याच भरवशावर असतं.

दुसऱ्या वेळी हे घाबरले आणि साहेबांना म्हणाले, बायको तापानं फणफणली होती. साहेबांनी ऐकून घेतलं, पण मेमो दिलाच. दोन मेमो झाले की यादीतून नाव बाहेर, असा नियम. महिनाअखेरीला यादी वर जाणार होती.

हे घरी आले, जेवले नाहीत. खिडकीत बसून राहिले. एवढ्या संसारात हा माणूस वरणाला मीठ नसलं तरी जेवला आहे, तो ताटाला शिवेना.

मी मनात ठरवलं. मला फार काही नको. एक कागद हवा. "गजर आमचा चुकला, श्री. निकम ह्यांचा दोष नाही." खाली सही आणि सहीवर गोल शिक्का. तो साहेबांपुढे ठेवायचा, मेमो रद्द. आपल्याकडे कुठलं काम शिक्क्यावाचून झालं आहे?

ह्यांना काही न सांगता मी सावंत सरांच्या दारात गेले.

"सर, हा गजर कोणाचा?"

"कोणाचाच नाही, वहिनी. सगळ्यांचा आहे."

"म्हणजे सरकारी?"

"सरकारी नव्हे. जगभरातले लोक आपल्या रिकाम्या वेळात बनवतात आणि वाटून टाकतात. आत काय कसं बनवलंय तेपण उघडं ठेवतात. कोणीही बघा, कोणीही दुरुस्त करा."

"पगार कोण देतं?"

"कोणी नाही."

मी दारातच बसले. "मग करतात कशाला?"

सर म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर काल पाहुणे कुठून आले ते तुम्ही शोधून काढलंत. पगार होता?"

मालवणी माणूस. हसतसुद्धा नाही असं बोलताना.

मग त्यांनी फोनमध्ये एक पान उघडून दाखवलं. त्या गजराला ज्यांचे ज्यांचे हात लागले त्यांची नावं. चाळीस-पन्नास तरी असतील. मला एकदम धीर आला. कारण ही यादी मला वाचता येत होती. आपली लग्नपत्रिका नाही का? पहिलं नाव ज्याचं तो घरातला कर्ता. मांडवात भात कमी पडला तरी जाब त्यालाच विचारायचा, खाली नावं असलेल्या चुलत्या-मावळ्यांना नाही.

पहिलं नाव होतं आंद्रे.

"ह्यांना लिहा, सर."

"अहो वहिनी, पण खाली..."

"खालच्यांचं राहू द्या. मोठ्या माणसाशीच बोलावं."

मी मराठीत सांगितलं, सरांनी इंग्रजीत लिहिलं. सगळी हकिकत, आणि शेवटी शिक्क्याचा कागद पाठवावा ही विनंती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सरांनी वाचून दाखवलं: "मी फक्त घंटेचं चित्र काढून दिलं होतं. सहा वर्षांपूर्वी. बाकीचं मला काही कळत नाही. माफ करा."

आता खरं सांगा, तुमच्या सोसायटीचा चेअरमन कधी पहिल्या फटक्यात म्हणाला आहे का, हो, ते काम माझंच? मी म्हटलं, टाळून राहिला आहे. पुन्हा लिहा. दुसरं उत्तर तेच आलं, जरा जास्त नम्र. तिसऱ्या वेळी माझा पारा चढला. मी सांगितलं, "लिहा, घंटा काढता येते तर वाजवायची जबाबदारी कोणाची?"

त्यावर त्या भल्या माणसानं चार दिवस घेतले आणि नवीन घंटा काढून पाठवली. आधीपेक्षा मोठी, पितळी, खाली लाल गोंडा. माझ्या घंटेनं तुम्हाला त्रास झाला असेल तर ही बघा कशी वाटते, असं लिहिलं होतं.

मला रात्रभर कसंतरीच झालं. कोणा परक्या मुलखातला माणूस, दिवसभर आपली नोकरी करतो, घरी येऊन फुकटात घंटा काढतो, आणि मी त्याला मांडवातल्या आचाऱ्यासारखी झापते. सकाळी उठून मी सरांकरवी त्याची माफी मागितली. घंटा छान आहे म्हणूनही कळवलं.

मग दुसरं नाव. ती बाई म्हणाली, मी फक्त पोर्तुगीज भाषेत शब्द बदलून दिले, तुम्ही घड्याळाच्या भागाची माणसं गाठा. ती माणसं आणखी वेगळीच निघाली. गजरातलं घड्याळ म्हणे दुसऱ्यांकडून घेतलेलं असतं, आणि ते बनवणारा गट निराळा. त्यांना लिहिलं तर ते म्हणाले, आमचं घड्याळ बरोबर चालतं, वापरणारे चुकीचं वापरत असतील, गजरवाल्यांना विचारा. हा म्हणतो तिकडे जा, तो म्हणतो हे आमच्या टेबलावर येत नाही. मला तर घरच्यासारखं वाटलं.

ह्या सगळ्यात तेरा दिवस गेले. यादीला आठवडा उरला. आणि त्या नावांच्या पानाच्या अगदी तळाशी सरांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. "तक्रार असल्यास इथे."

"सर, हे तुम्हाला आधी दिसलं नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुम्ही पहिल्या नावाच्या खाली वाचू दिलं नाहीत."

"आणि ते आंद्रे मग सगळ्यांत वर कसे?"

"इंग्रजीत अ आधी येतो, वहिनी. नावं बाराखडीनं लावली आहेत."

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

तिथे एक फॉर्म होता. सरांनी त्यातले प्रश्न मराठीत सांगितले. काय झालं? कधी झालं? काय व्हायला पाहिजे होतं? तुमच्याशिवाय आणखी कोणाला असं झालं आहे का, कोणाला झालं नाही? आणि खाली एक ओळ होती. जितकं सविस्तर लिहाल तितकं बरं, तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटेल तेही लिहा.

मी सरांना ती ओळ दोनदा वाचायला लावली. पन्नाशीला आले, सगळा जन्म लोक मला सांगत आलेत, लताबाई, थोडक्यात सांगा. आणि समुद्रापल्याडून कोणीतरी म्हणतंय, बाई, काही गाळू नका.

सरांना शाळेत जायचं होतं. ते म्हणाले, "तुम्ही मराठीतच बोला, फोन लिहून घेईल. ते लोक भाषांतर करून वाचतात. झालं की हे हिरवं बटण दाबा."

दार लावलं, पंखा लावला, पाण्याचा तांब्या घेऊन बसले आणि बोलले. दोन तास बोलले.

आमच्या गजराचं तर सांगितलंच. मग कोणाला झालं, कोणाला नाही. हे मला जितकं ठाऊक तितकं कोणाला असणार? मला प्रत्येक घरचा गजर आवाजावरून ओळखता येतो. खालच्या चौधरींचा त्या सोमवारी वाजला नाही, ते नंदुरबारचे, ह्यांच्याच कंपनीत. शेजारच्या रमीलाबेनचा वाजला. मी लिहिलं, रमीलाबेनचा गजर पाचला वाजतो, पण त्या उठत नाहीत, तो बंद करायला सासूबाई उठतात, आणि रमीलाबेन मात्र सगळ्यांना सांगतात की मी पाचला उठून पूजा करते. सावंत सरांचा वाजला. सहाला वाजतो, मग दर पाच मिनिटांनी, पावणेसातपर्यंत, आणि हेच सर शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं करतात.

बोलता बोलता मला एक गोष्ट दिसली. ज्यांचा वाजला नाही ते सगळे मराठी. गुजरात्यांचा वाजला, यूपीवाल्यांचा वाजला. मी तेही स्पष्ट लिहिलं, की तुमचं आमच्याशी काही वाकडं आहे का, असेल तर सांगा.

मग ह्यांचं. दोन मेमो, परमनंटची यादी, साहेबांना सांगितलेला माझा ताप. खरं तेच लिहावं म्हणून लिहिलं, की मला ताप-बीप काही नव्हता, त्या दिवशी मी सहा किलो गव्हाचं दळण उचलून आणलं. आणि साहेबांचा विषय निघालाच होता म्हणून जाता जाता लिहिलं, की देसाईसाहेब स्वतः जेवणानंतर दोन ते अडीच केबिनमध्ये फाईल तोंडासमोर उभी धरून झोपतात, त्यांना गजर लागत नाही, चहावाला आला की उठतात. हे मला ह्यांनीच कधीतरी हसत सांगितलं होतं.

हिरवं बटण दाबलं. गंगेत न्हाल्यासारखं मोकळं वाटलं.

दोन दिवसांनी सर धावत आले. हातात फोन. सावंत सर धावलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"वहिनी, उत्तर आलं. गजर सांभाळणारी बाई आहे. हेल्गा. एकटीच सांभाळते. इस्पितळात नर्स आहे, तिलाही पाळ्या असतात, म्हणून तिनं स्वतःसाठी बनवला होता."

एकटी बाई. नर्स. पाळी करून घरी येऊन हे करते. मी कपाळाला हात लावला.

"काय म्हणते?"

"म्हणते, चूक माझी आहे. नव्या दुरुस्तीत राहून गेली. फोन मराठीत ठेवला की आकडे मराठीत येतात. हिंदी-गुजरातीवाल्यांच्या फोनमध्ये इंग्रजी आकडे असतात, माझा तर अख्खा फोनच इंग्रजीत आहे. सोमवारी गजर नवी वेळ मराठी आकड्यांत लिहून ठेवायचा, आणि मग स्वतःचंच लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं."

"म्हणजे वाकडं काही नव्हतं?"

"नव्हतं. तिनं लिहिलंय, कोणाच्या घरी वाजला आणि कोणाच्या नाही हे इतकं बारकाईनं आजवर कोणी कळवलं नव्हतं, म्हणून सापडलं. तिनं श्री. निकमांची माफी मागितली आहे, नाव घेऊन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरही हलले असावेत, कारण त्यांनी तिथेच उभ्या उभ्या त्या उत्तराचं मराठी करून ते पानासकट बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, "आपल्या निकमवहिनींची जागतिक कामगिरी. खाली दाबून वाचा."

मी पेढ्यांची डबी काढली. देवापुढे ठेवावी म्हणून वळले, तोवर दारावर थाप पडली.

रमीलाबेन. डोळे लाल.

"लताबेन, हुं पाच वागे नथी उठती?"

मला कळेना. "कोण म्हणालं?"

"तमे. आमां लखेलुं छे." त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. तिथे हेल्गाबाईंच्या उत्तराच्या वर, लांबच लांब, माझं सगळं बोलणं. अक्षर न अक्षर. "मारी सासुए वांची लिधुं." सासूबाईंनी वाचलं होतं.

मी सरांकडे पाहिलं. "हे पत्र होतं ना? तिला लिहिलेलं?"

सरांनी तोवर फोन वर सरकवला होता. त्यांनी फक्त इंग्रजी उत्तर वाचलं होतं, वरचं आता वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. पावणेसातपर्यंत पोचले असावेत.

"निकमवहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे पत्र नव्हे. हा चौकातला फळा आहे. जगात कोणालाही वाचता येतो. सगळं उघडं असतं, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मला वाटलं, गजराचं आतलं उघडं असतं. आमचं नाही."

सर घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री साडेअकराला हे पाळीवरून आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, "काय लिहून ठेवलं वं तू?"

बिल्डिंगच्या ग्रुपवरून ते चौधरींनी कंपनीच्या ग्रुपवर टाकलं होतं. अभिमानानं टाकलं, आपल्याकडच्या बाईनं नाव काढलं म्हणून. कंपनीच्या ग्रुपमध्ये देसाईसाहेब आहेत.

"उद्या अडीच वाजता दोघांना बोलावलंय," हे म्हणाले. "तुलापण. त्यांनी कागदावर छापून घेतलंय सगळं."

मी पेढ्यांची डबी पुन्हा फळीवर ठेवली.

केबिनमध्ये साहेब बसलेले. वलसाडकडचे आहेत, मराठी समजतं सगळं, पण वाचताना अक्षर अक्षर लावून वाचतात. समोर चार पानं. मी डोक्याला स्कार्फ बांधून गेले होते. का, ते विचारू नका. वाटलं, आजारपण थोडं तरी दिसावं.

"आवो बेन, बसा. तबियत कशी आहे?"

"आता उतार आहे साहेब," मी म्हटलं आणि जरा खोकले.

साहेबांनी तिसरं पान काढलं आणि बोटानं वाचायला लागले. "म-ला ताप बीप का-ही नव्-हता. स-हा कि-लो गव्..."

"साहेब, राहू द्या," हे म्हणाले.

"गव्हाचं काय, निकमभाई?"

"दळण, साहेब."

मी स्कार्फ सोडला. म्हटलं, आता लाज धरण्यात अर्थ नाही. "साहेब, ताप खोटा. तो ह्यांनी भीतीनं सांगितला, त्याची शिक्षा मला द्या. पण गजर खरा. ही बघा त्या बाईंची कबुली. चूक माझी, निकमांची नाही, असं तिनं स्वतः लिहिलंय. ह्या माणसानं अकरा वर्षांत एक दिवस हलगर्जी केली नाही. दोन सोमवारांवरून त्याचं नाव खोडू नका."

साहेबांनी सरांनी करून दिलेलं मराठी नीट वाचलं. वेळ लागला. मग कागद उलटा करून पाहिला.

"शिक्को क्यां छे?"

"शिक्का नाही साहेब. मी मागितला होता. त्यांच्यात नसतो."

"कुठल्या कंपनीची बाई?"

"नर्स आहे."

साहेब खुर्चीत मागे टेकले. यादीवरचं नाव माझ्या डोळ्यांसमोर पुसट व्हायला लागलं. आणि तेव्हा त्यांनी चौथं पान काढलं.

त्यावर काय होतं ते मला पाठ होतं. हे वर पंख्याकडे पाहायला लागले.

"दे-साई सा-हेब स्व-तः जे-वणा..." साहेब थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं. टेबलावर एक फाईल आडवी पडली होती. त्यांनी ती उचलून खणात घातली. मग उठून केबिनचं दार लावलं.

"बेन, हे किती लोकांनी वाचलं?"

"जगात सगळ्यांना वाचता येतं, साहेब."

"कंपनीच्या ग्रुपमध्ये आमचे मोठे साहेब पण आहेत. परदेशात त्यांचा फोन बंद असतो, आज रात्री येतात, अजून वाचलं नसेल. सांजे पहेलां, म्हणजे संध्याकाळच्या आत, ही ओळ जायला पाहिजे."

"जाईल साहेब."

साहेबांनी पहिल्या तीन पानांवर काहीतरी लिहिलं, खणातून शिक्का काढला आणि मारला. तीन वेळा. असा गोल, असा निळा, की मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. "मेमो रद्द," ते म्हणाले. चौथ्या पानाची घडी करून त्यांनी खिशात घातली.

मी घरी जवळजवळ पळत आले. ओळ काढायची. पण काढायची कशी? सरांच्या दारावर टकटक केली, आतून आवाज आला, "मी झोपलोय. पावणेसातला उठेन." दुपारचे साडेतीन वाजले होते.

मग मीच फोन घेतला. ती तक्रारीची जागा आता मला सापडत होती. खाली रिकामा चौकोन होता. मी घाईनं बोलले आणि हिरवं बटण दाबलं. काय बोलले ते जसंच्या तसं सांगते. "हेल्गाताई, आमचे देसाईसाहेब दोन ते अडीच फाईल समोर धरून झोपतात ही ओळ तेवढी पुसून टाका. साहेबांनी आजच्या आज पुसायला सांगितलं आहे. मोठे साहेब परदेशातून यायच्या आत व्हावं. खरं असलं तरी पुसा."

बटण दाबलं आणि शेजारी रमीलाबेनच्या घरात फोन वाजला. मग खाली चौधरींकडे. मग समोर सरांकडे. नंतर कळलं, ज्यांनी ज्यांनी ते पान वाचताना पुढची खबर हवी म्हणून दाबलं होतं, त्या सगळ्यांच्या फोनवर माझा नवा निरोप तत्काळ जातो. साहेबांनीही दाबलं होतं. ओळ पुसल्याची खबर मिळावी म्हणून.

हेल्गाताईंनी तासाभरात आधीची ओळ पुसली. गुणाची बाई. नंतरचीही पुसली असती, पण तोवर मी फोनला हात लावायला घाबरत होते.

साहेबांनी मारलेला शिक्का परत घेतला नाही. शब्दाचे पक्के. महिनाअखेरीला हे पाळीवरून आले, हातात पाकीट. पण चेहरा सुतकातला.

"नाव नाही?"

"आहे. परमनंट झालो."

"मग असं तोंड काय करून राहिलात?"

हे खाली बसले. "साहेब आता दोन वाजता झोपत नाहीत."

"चांगलंच आहे की."

"काय चांगलं? दोन ते अडीच सगळ्या खात्यातून फेरी मारतात. अकरा वर्षं साहेब झोपले की आम्ही पाळीपाळीनं दहा-दहा मिनिटं पाठ टेकायचो. अख्खं खातं. आता कोणाला डोळा मिटता येत नाही, आणि कोणाच्या बायकोमुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे."

मी थक्क झाले. माझ्या घरातली गोष्ट, आणि मला पत्ता नाही. "अकरा वर्षं? मला कधी बोलला नाहीत ते?"

"तुला सांगितलं असतं तर तेपण लिहून टाकलं असतंस."

मला फार लागलं ते. मी म्हटलं, इतकी काही मी चहाडखोर नाही.

आणि बघा, तुम्हाला सांगून बसलेच.